गोळीने जंतू मरतो की लपतो?

रस्ते झाडणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या आपल्या आयाबहिणींना लघवीची जळजळ नवी नाही. कामाच्या जागी संडास नाही, म्हणून पाणी कमी प्यायचे आणि लघवी दाबून धरायची. त्रास वाढला की मेडिकलमधून दोन गोळ्या आणायच्या. महिन्याभरात पुन्हा तेच. मग दवाखान्यात ऐकावे लागते, "तुम्ही लोक कोर्सच पूर्ण करत नाही." यातले 'तुम्ही लोक' आपल्याला चांगले ओळखू येते.

कोर्स पूर्ण करायलाच हवा, यात वाद नाही. पण सगळा दोष रोग्याच्या माथी मारणे शास्त्राला धरून नाही.

पेनिसिलीनच्या कुळातली औषधे जंतूला बाहेरची भिंत नीट बांधू देत नाहीत. भिंत कच्ची राहिली की जंतू फुटतो. काही जंतू मात्र ती भिंतच टाकून देतात. काठीसारखा जंतू मऊ, गोल होतो. मग औषधाने हल्ला करायचा कशावर? १९३५ साली लंडनच्या लिस्टर संस्थेत एमी क्लीनेबर्गर यांनी असे रूप नोंदवले आणि संस्थेच्या नावावरून त्याला 'एल' रूप म्हटले. (ज्यू वंशाच्या म्हणून नाझी राजवटीत जर्मनीतली नोकरी गेलेल्या या बाई. जन्मावरून हाकलणे आपल्याला परके नाही.) २०१९ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांना वारंवार संसर्ग होणाऱ्या वृद्धांच्या लघवीत हीच रूपे सापडली. साध्या पाण्यात ती फुटतात, दाट लघवीत तगू शकतात. औषध हटले की भिंत पुन्हा उभी राहते.

म्हणजे प्रामाणिकपणे कोर्स पूर्ण केलेल्या बाईलाही त्रास उलटू शकतो. अशा वेळी तीच जुनी चिठ्ठी दाखवून तीच गोळी आणू नका. औषध सुरू करण्याआधी लघवीची कल्चर तपासणी करून मागा. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे किंवा गरोदरपण असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि संडासाचे काय? महिला मंडळांनी वॉर्ड ऑफिसात याचा अर्ज द्यावा, हजेरीच्या चौकीपासूनच सुरुवात करावी. आपल्या विहारांतल्या शिबिरांत बीपी-शुगरच्या टेबलाशेजारी लघवी तपासणीचेही टेबल असावे. मात्र नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचेल, एवढी सोय आधी बघावी लागेल.