वार बरोबर, साल चुकले

जीपीएस उपग्रहांचा आठवडे मोजणारा आकडा १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. १९८० पासून सुरू झालेली ही मोजणी १९९९ आणि २०१९ मध्ये अशी फिरली. म्हणून काही जुनी नोंदयंत्रे ७१६८ दिवस मागची तारीख दाखवतात. जागा, वेळ, अगदी वारसुद्धा बरोबर!

गंमत इथेच संपते. आमच्या मेळघाटात २५ डिसेंबर २०२४ रोजी अशा यंत्राने शेत मोजले, तर नोंद ११ मे २००५ ची होईल. वनहक्कासाठी ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा लागतो. खऱ्या दावेदारावरच बनवेगिरीचा संशय यायचा! बँकेत आम्ही चुकीचा आकडा पुसत नसू. रेघ मारून शेजारी बरोबर लिहीत नि सही करीत असू. मोजणीच्या कागदावरही तसेच करावे, हजर गावकऱ्यांच्या सह्यांसह.