चेटकीण कोणाला म्हणायचे?

भयपट हा गंभीर चर्चेचा विषय नव्हे, असा समज आपल्याकडील पुरोगामी वर्तुळात फार जुना आहे. शोषणाची चर्चा करायची ती सामाजिक नाटकांच्या आणि वास्तववादी चित्रपटांच्या संदर्भात. रक्त, किंकाळ्या आणि अंधारी घरे ही करमणुकीच्या बाजारातील हलकी जिन्नस, असे मानून ती बाजूला सारली जाते. परंतु ज्या मुलखात केवळ भयापोटी माणसे माणसांना खांबाला बांधतात, जाळतात, त्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत राहणाऱ्याला ही चैन परवडणारी नाही. भय कोणाचे दाखवले आणि कोणावर रोखले, हा तेथे अभिरुचीपुरता प्रश्न उरत नाही.

या प्रश्नाला निमित्त आहे ते एका मराठी चित्रपटाचे आणि त्याच्या हिंदी पुनर्निर्मितीचे. विशाल फुरिया दिग्दर्शित ‘लपाछपी’ हा चित्रपट जुलै २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. पूजा सावंत आणि उषा नाईक यांच्या त्यात प्रमुख भूमिका होत्या. त्याच दिग्दर्शकाने नोव्हेंबर २०२१ मध्ये तीच कथा ‘छोरी’ या नावाने हिंदीत आणली. नुसरत भरुचा आणि मिता वशिष्ठ यांच्या भूमिका असलेला हा चित्रपट थेट ॲमेझॉन प्राइमवर आला. एप्रिल २०२५ मध्ये त्याचा दुसरा भागही आला. कथेचा गाभा साधा आहे. सावकारांच्या धाकाने शहर सोडून एक गरोदर स्त्री नवऱ्याबरोबर उसाच्या फडांत हरवलेल्या एका घरी आश्रयाला येते. घरातील वडीलधारी बाई तिला एका चेटकिणीची भीती घालते. पुढे उलगडते ते असे की जिला चेटकीण म्हटले ती मुळात बळी गेलेली स्त्री आहे, मुलींना जन्माआधी आणि जन्मानंतर संपवणारे हात घरातल्या जिवंत माणसांचेच आहेत, आणि शहरातला सुशिक्षित नवराही त्याच घरचा आहे.

मूळ आणि पुनर्निर्मिती यांची तुलना करताना समीक्षक सहसा छायाचित्रण किती सफाईदार झाले, दचकवणारे प्रसंग किती वाढले, याचा हिशेब मांडतात. हा हिशेब दुय्यम आहे. हिंसेचे कारण मूळ कलाकृतीने कोठे शोधले होते आणि नव्या आवृत्तीने ते तेथेच ठेवले की पुसून टाकले, ही खरी कसोटी. अमेरिकेतील ‘स्लॅशर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंथाचे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. टोबी हूपर यांचा ‘द टेक्सास चेन सॉ मॅसॅकर’ हा १९७४ चा चित्रपट अत्यंत तुटपुंज्या पैशांत झाला. त्यातील खुनी कुटुंब कसाईखान्यात पिढ्यान् पिढ्या राबलेले आहे. घणाने जनावर मारण्याचे काम नव्या यंत्राने बळकावले आणि माणसे बेकार झाली, हे त्या कुटुंबातील एक तरुण स्वतःच सांगतो. पेट्रोलपंपावर पेट्रोल नाही. १९७३ च्या तेलसंकटाची छाया पडद्यावर आहे. थोडक्यात, क्रौर्याला तेथे एक अर्थशास्त्र आहे. ते समर्थनीय नाही, परंतु समजण्यासारखे आहे. २००३ मध्ये मार्कस निस्पेल यांच्या दिग्दर्शनाखाली त्याचा जो नवा अवतार आला त्याने दहा कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. त्यात मुखवटेवाल्या खुन्याला त्वचेचा रोग जोडण्यात आला. बेकारीच्या जागी रोग आला! तीन वर्षांनी आलेल्या पूर्वकथेत बंद पडणारा कसाईखाना परत दाखवला गेला खरा, पण तोवर प्रेक्षक केवळ करवतीच्या आवाजाला सरावला होता. १९७८ च्या ‘हॅलोवीन’चेही २००७ मध्ये असेच झाले. मूळ चित्रपटाने खुन्याला कारणच दिले नव्हते, नव्याने त्याला दुःखी बालपण दिले. समाजाकडून व्यक्तीकडे, व्यवस्थेकडून विकृतीकडे, असा हा प्रवास आहे.

‘लपाछपी’तील उसाचा फड हे नुसते दृश्य नव्हते. मराठी प्रेक्षकाला ऊस म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. ऊस म्हणजे पाणी, पाणी म्हणजे पैसा, पैसा म्हणजे जमिनीचा वारस आणि वारस म्हणजे मुलगा, ही साखळी त्याच्या अंगवळणी पडलेली आहे. गर्भलिंगचाचणीला आळा घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या आणि ऊसतोडणीचे मजूर पुरवणाऱ्या बीड जिल्ह्यात तो आकडा आठशेच्या आसपास घसरला होता. हा चित्रपट झळकण्यापूर्वी चारच महिने, मार्च २०१७ मध्ये, सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस गर्भ सापडले होते. त्या बातमीची ओल वाळलेली नसताना ज्यांनी ‘लपाछपी’ पाहिला, त्यांना उसातून येणारा मुलांचा आवाज कल्पित वाटला नसेल.

हिंदी पुनर्निर्मितीने कथा उत्तरेकडील अनामिक खेड्यात नेली. यात गैर काही नाही. हरियाणात तोच आकडा २०११ मध्ये ८३४ होता. आणि दिग्दर्शक तोच असल्याने कारण पुसले गेले नाही, हे श्रेय ‘छोरी’ला प्रामाणिकपणे दिले पाहिजे. अमेरिकन पुनर्निर्मितीत जे घडले ते येथे घडले नाही. परंतु काहीतरी निसटले आहेच. ऊस आता भूलभुलैया झाला आहे. तो कोणाचा, त्याला पाणी कोठून येते, त्याची मालकी कोणाच्या नावावर जाणार, हा धागा मराठी प्रेक्षक मनातल्या मनात जोडत होता, दूरदेशीच्या प्रेक्षकाला तो जोडता येत नाही आणि चित्रपट तो जोडूनही देत नाही. उषा नाईक यांची तुळसाबाई भीतिदायक होती ती तिच्या मायेमुळे. ताटात वाढणारा आणि डोक्यावरून फिरणारा तोच हात उद्या काय करील, ही ती भीती होती. मिता वशिष्ठ या समर्थ अभिनेत्री आहेत, पण त्यांची भन्नोदेवी पहिल्या प्रवेशापासूनच कठोर आहे. दुष्टपणा आधी ओळखू आला की प्रेक्षक निश्चिंत होतो. ‘असली बाई आमच्या घरात नाही’ असे म्हणून तो सुटतो. आपल्याच आजीकडे वळून पाहायला लावण्याची ताकद मूळ मराठी चित्रपटात अधिक होती. दुसऱ्या भागाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बालविवाहासारखा विषय हाती असताना तो जमिनीखालच्या गूढ पंथात आणि देखाव्यात गुंतून पडला.

आता हाच चित्रपट वैनगंगेच्या पलीकडे नेऊन पाहावा. २०११ च्या जनगणनेत गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांत मुलींचा तो आकडा साडेनऊशेच्या वर होता. जो जिल्हा विकासाच्या प्रत्येक तक्त्यात शेवटून मोजला जातो, तेथे मुलगी जगते. आणि साखर कारखान्यांच्या, सोनोग्राफी यंत्रांच्या सधन पट्ट्यात ती मरते. अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये आशिया व उत्तर आफ्रिकेतील दहा कोटींहून अधिक ‘हरवलेल्या’ स्त्रियांचा हिशेब मांडला तेव्हाही उत्पन्न वाढले की स्त्री वाचते, हे सोपे समीकरण मोडीत निघाले होते. माडिया-गोंड समाजात लग्नात देज मुलीच्या बापाला मिळते. मोह वेचणे, तेंदूपाने तोडणे, धानाची रोवणी ही कामे बाईच्या हातांवाचून होत नाहीत. तिच्या श्रमाला घरात किंमत आहे म्हणून तिच्या जन्माला आहे, असे अर्थशास्त्राच्या भाषेत म्हणता येईल.

पण यावरून जंगलातील समाज हा स्त्रीचा स्वर्ग आहे, अशी कविकल्पना कोणी करू नये. पाळीच्या दिवसांत बाईला गावाच्या कडेच्या कुर्माघरात काढणारा समाजही हाच. आणि जी स्त्री जन्मताना वाचली, तिला म्हातारपणी गाव चेटकीण ठरवू शकते. १ मे २०२४ रोजी, म्हणजे महाराष्ट्र आपला स्थापनादिन साजरा करीत होता त्या रात्री, एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे एका स्त्रीला आणि एका वृद्धाला जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण करून जाळण्यात आले. गावातील एका लहान मुलीच्या मृत्यूचे खापर त्यांच्यावर फोडण्यात आले होते. पंधरा जणांना अटक झाली. त्यांत त्या स्त्रीचा नवरा आणि मुलगाही असल्याचे वृत्तपत्रांत आले. ‘लपाछपी’तील नवरा आतून सामील निघतो तेव्हा प्रेक्षागृहात उसासे निघतात, बारसेवाड्यात तसे काही लिहिण्याची पटकथाकाराला गरजच पडली नसती. त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, वणी खुर्द येथे, सात जणांना भर चौकात खांबांना बांधून मारण्यात आले. त्यांत म्हाताऱ्या स्त्रियाही होत्या. मार खाणारे दलित होते, हेही येथे नोंदवले पाहिजे; संशयाचे बोट सहसा वरच्या दिशेने जात नाही.

ही अज्ञानाची फळे आहेत, असे म्हणून शहरातील माणूस पान उलटतो. अज्ञान आहेच, पण ते आकाशातून पडलेले नाही. राज्यातील हिवतापाचा मोठा वाटा एकटा गडचिरोली जिल्हा सोसतो. पावसाळ्यात नाले भरले की भामरागडचा रस्ता तुटतो. तापाने फणफणलेले मूल रात्रीत दगावते. ते का दगावले हे सांगणारा जाणता माणूस गावात नसतो, आणि मृत्यूला कारण तर हवेच असते. दवाखाना जेथे कारण पुरवत नाही तेथे पुजारी ते पुरवतो. याचा उलटा पुरावाही याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने खेड्यातीलच स्त्रियांना नवजात बालकांच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार एकोणचाळीस गावांत नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. बाळाच्या मृत्यूचे कारण जंतुसंसर्ग आहे, न्युमोनिया आहे, आणि त्यावर गावातल्याच बाईच्या पिशवीत औषध आहे, हे एकदा डोळ्यांनी दिसले की चेटकिणीच्या पायाखालची बरीच जमीन सरकते.

येथे विवेकवादी मित्रांचा एक आक्षेप विचारात घ्यावा लागेल. ‘लपाछपी’त आणि ‘छोरी’त भुते खरीच आहेत, मग हे चित्रपट अंधश्रद्धा वाढवीत नाहीत काय? आक्षेप पोकळ नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यानंतर चारच दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कायदा झाला. अमुक माणूस करणी करतो असे भासवणे, त्यावरून त्याला मारहाण करणे, हे सहा महिने ते सात वर्षांच्या कैदेस पात्र गुन्हे ठरले. ज्या राज्यात असा कायदा करण्यासाठी एका माणसाला प्राण द्यावे लागले, तेथे पडद्यावरचे भूत निरुपद्रवी आहे असे म्हणण्याचे धाडस होऊ नये. तरीही या दोन चित्रपटांना सरसकट त्या पंगतीत बसवणे अन्यायाचे होईल. आपले बहुतेक भयपट चेटकीण दाखवतात, तिला ओळखतात आणि शेवटी मांत्रिकाकरवी तिला जाळतात. म्हणजे बारसेवाड्यातल्या जमावाची बुद्धी तीच योग्य ठरवतात आणि तिकिटाचे पैसे घेतात. येथे मात्र ‘चेटकीण’ हा शब्द जी उच्चारते तीच गुन्हेगार आहे, आणि तो जिच्यासाठी उच्चारला जातो ती शेवटी गरोदर स्त्रीची पाठराखण करते. आरोप करणाऱ्याच्या हिताकडे पाहा, असे सांगणारा भयपट आपल्याकडे दुर्मिळ आहे. भूत खरे दाखवले हा त्याचा दोष; पण दोष आणि अपराध यांत अंतर असते.

अडचण वेगळीच आहे. ‘छोरी’ एकाच दिवशी जगातील शेकडो देशांत पोहोचला अशी जाहिरात झाली. त्या देशांत एटापल्ली, धानोरा, जिवती यांची गणना कितपत होते? वर्गणी भरून पाहायची ही करमणूक ज्यांच्यापर्यंत पोहोचते ते बहुतेक आधीच पटलेले लोक. ज्यांना ती पाहायला हवी त्यांच्या मोबाईलवर येतात ते मांत्रिकांचे आणि भुताखेतांचे फुकट तुकडे.

या मुलखाला मात्र स्वतःचा रंगमंच आहे, आणि तो कोणत्याही वर्गणीवर अवलंबून नाही. वडसा-देसाईगंज हे केंद्र असलेल्या झाडीपट्टी रंगभूमीवर दिवाळीनंतर होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटके चालतात. मंडईच्या आणि शंकरपटाच्या निमित्ताने पंचक्रोशी लोटते. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या नाट्यव्यवसायाला या रंगभूमीची आठवण झाली, एरवी तिची संभावना भडक म्हणूनच होते. ती भडक आहे, हे खोटे नाही. मारामारी, सूड, किंकाळी यांचे तिला वावडे नाही. म्हणूनच हे कथानक तिला पेलण्यासारखे आहे. उसाच्या जागी धानाची बांधी येईल, भुताची तर गरजही पडणार नाही, आणि प्रेक्षकांत एकाच तट्ट्यावर पुजारी, पोलीस पाटील, आशा कार्यकर्ती आणि जिच्याविषयी गावात कुजबुज चालते ती बाई, असे सारेच बसलेले असतील. पक्षाच्या या दोन जिल्ह्यांतील शाखांनी, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी आणि वडशाच्या नाट्यमंडळांनी एकत्र बसून ही संहिता लिहवून घ्यावी. हंगामाच्या तारखा दिवाळीआधीच ठरतात. संहिता पावसाळ्यातच मंडळांच्या हाती पडली पाहिजे.