पोकळीतून फुकट वीज? आधी हिशेब दाखवा

निर्वात पोकळीतून फुकट ऊर्जा काढून देण्याचे दावे अधूनमधून डोकं वर काढतात आणि पुराव्यादाखल हमखास कॅसिमिर परिणाम पुढे केला जातो. परिणाम खरा आहे. दावा खोटा आहे.

आइंडहोव्हनच्या फिलिप्स प्रयोगशाळेतले हेंड्रिक कॅसिमिर यांनी १९४८ मध्ये गणिताने दाखवलं की, विद्युतभार नसलेल्या धातूच्या दोन पट्ट्या पोकळीत अगदी जवळ ठेवल्या तर एकमेकींकडे ओढल्या जातात. पोकळीतही विद्युतचुंबकीय क्षेत्राची थरथर थांबत नाही, आणि पट्ट्यांमधल्या फटीत त्यातल्या निवडक तरंगांनाच वाव मिळतो. फट १ मायक्रॉनची असेल, तर या ओढीचा दाब हवेच्या दाबाच्या जेमतेम आठ कोटीव्या भागाइतका भरतो. फट दहापट कमी केली की तो दहा हजार पटींनी वाढतो. दोन पट्ट्या इतक्या जवळ तंतोतंत समांतर धरणं महाकठीण. म्हणून स्टीव्ह लॅमोरो यांनी १९९७ मध्ये सिॲटलला मोजणी केली, तेव्हा एक पृष्ठभाग सपाट आणि दुसरा भिंगासारखा फुगीर घेतला.

पट्ट्या जवळ येताना काम करतात, हे खरं. पण त्या पुन्हा दूर करायला निदान तेवढंच काम करावं लागतं. तापमान एकच असेल, तर पूर्ण फेरीअंती हाती काहीच उरत नाही. उष्मागतिकीचा दुसरा नियम इथेही सुटी देत नाही.

खरं कोडं उष्णतेचंच आहे, आणि त्याची चर्चा मात्र तज्ज्ञांबाहेर फारशी होत नाही. २००० मध्ये बोस्ट्रॉम आणि सर्नेलियस यांनी धातूचा नेहमीचा विद्युतरोध गणितात धरला, तेव्हा तापमानामुळे बळात मोठी घट दिसली. पुढे लक्षात आलं की, निर्दोष स्फटिकाच्या बाबतीत हेच गणित नर्न्स्टच्या नियमाशी, म्हणजे उष्मागतिकीच्या तिसऱ्या नियमाशी, भांडतं: निरपेक्ष शून्यालाही एंट्रॉपी फटीच्या रुंदीवर अवलंबून राहते. रोध वगळला की भांडण मिटतं, आणि रिकार्दो डेक्का यांची काटेकोर मोजमापंही त्याच बाजूने कौल देतात. पण खऱ्या सोन्याला रोध असतोच! शिवाय २०११ मध्ये लॅमोरो यांच्याच गटाची मोजमापं रोध धरलेल्या गणिताशी जुळली.

पाठ्यपुस्तकांत असे न सुटलेले वाद यायला हवेत. विद्यार्थ्यांना ते पेलतात. आणि पोकळीवर चालणारं यंत्र कुणी विकायला आलं, तर एवढंच विचारा: पट्ट्या परत दूर कोण करतं, आणि त्याची ऊर्जा कुठून येते?