मंगनीआधी एक रक्ततपासणी

जुन्या नाशकात, वडाळ्यात आजही चुलत-मामेभावंडांत सोयरीक जुळते. लेक घरातच राहते, याचं समाधान असतं. शरीअतने ते जायजही ठेवलं आहे. पण थॅलेसेमियाचा दोष पणजोबांपासून गुपचूप चालत आलेला असेल, तर अशा जोडप्यात तो दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. वाहक स्वतः ठणठणीत असतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात थॅलेसेमिया मेजरचा धोका 25 टक्के. अशा लेकराला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं.

आणि बोल लावायचा सुनेला! आई-बाप दोघांकडून दोष आल्याशिवाय हा आजार होतच नाही, हे सासूबाईंना कोण सांगणार?

काहीजण म्हणतात, अल्लाहवर तवक्कल ठेवा. ठेवावंच, पण उंट बांधून. सौदी अरेबियाने 2004 पासून निकाहपूर्वी थॅलेसेमिया आणि सिकलसेलची तपासणी सक्तीची केली. लग्न करायचं की नाही, हे मात्र जोडप्यावरच सोडलं. आपल्याकडे सक्ती नाही. मंगनीची बोलणी सुरू होण्याआधीच दोघांची 'एचबी ए-टू' तपासणी करून घ्या, म्हणजे नकार द्यावा लागला तरी कुणाची अब्रू जात नाही.

घरात असं लेकरू असेल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे. प्रमाणपत्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा.