एकट्यानें इंग्रजी बोलतांना

गेल्या श्रावणांतली गोष्ट. माझी सहा वर्षांची नात कॅनडांत वाढते. मराठी तिला जेवणाखाणापुरती समजते. बाकी सारा व्यवहार इंग्रजींत. मोबाइलच्या पडद्यावर मला पाहून तिनें विचारलें कीं, आजोबांच्या खांद्यावरचा हा दोरा कशाचा? श्रावणी होऊन दोनच दिवस झाले होते. जानवें कोरें होतें आणि विषय माझ्या हातचा होता. मीं कर्ता निवडला, क्रियापद जुळविलें, काळ तपासला, आणि वाक्य ओठांवर येईतों पोर खेळावयास निघून गेली होती.

आयुष्यभर मीं शाळेंत संस्कृत शिकविलें, आणि गरज पडेल तेव्हां खालच्या वर्गांना इंग्रजीही. इंग्रजी वर्तमानपत्र मी रोज वाचतों. मग जीभ कां अडावी? आमच्या गुरुजनांची इंग्रजी तर्खडकरी भाषांतर पाठमालेच्या वळणावर घडलेली, आणि तेंच वळण त्यांनीं आम्हांस दिलें: आधीं मराठी वाक्य, मग शब्दाला शब्द, मग व्याकरणाची तपासणी. या रीतीनें वाचन पक्कें होतें, पत्र निर्दोष उतरतें. मात्र समोरचा मनुष्य तपासणी संपेपर्यंत थांबत नाहीं. गांधीजी 1888 सालीं मुंबईहून विलायतेस निघाले तेव्हां मॅट्रिक झालेले होते. तरी बोटीवर प्रत्येक वाक्य त्यांना आधीं मनांत रचावें लागे, आणि संकोचानें ते केबिनींतच जेवीत, असें त्यांनीं आत्मचरित्रांत प्रांजळपणें सांगितलें आहे. सोबतच्या मजुमदार वकिलांचा उपदेश एवढाच होता कीं, चुकांची पर्वा न करतां संधि मिळेल तेव्हां बोलावें.

मला सोबती नव्हता. म्हणून पहांटे स्नान झाल्यावर अर्धा तास स्वतःशींच इंग्रजींत बोलावयाचें ठरविलें. पहिल्याच दिवशीं स्वयंपाकघरांतून प्रश्न आला, "अहो, पहांटेच्या पारीं कोणाशीं बोलतां आहां?" असो. नियम असा कीं, हात जें करीत असतील तेंच तोंडानें सांगावयाचें, आणि मध्यें मराठी वाक्य येऊं द्यावयाचें नाहीं. तुळशीला पाणी घातलें, देव पुसले, दूध तापत ठेविलें, इतकें सोपें. अडलों तो सहाणेपाशीं. 'उगाळणें' याला इंग्रजींत नेमका शब्द सांपडेना. दोन दिवस कोश चाळला. मग लक्षांत आलें कीं, ओल्या दगडावर चंदनाचें लांकूड घासतों, असें म्हटलें कीं भागतें. शब्द अडला तर वळसा घालून पुढें जाणें, ही युक्ति मला कोणत्याही व्याकरणानें शिकविली नव्हती.

उच्चाराच्या कामीं आपलें शिक्षाशास्त्र फार उपयोगी पडतें. आपला थकार स्पर्शवर्ण आहे. जिभेचें टोंक दांतांना लागून श्वास अडतो आणि मग सुटतो. 'थ्रेड' या शब्दांतला इंग्रजी वर्ण मात्र ऊष्म आहे; तेथें जीभ दांतांशीं हलकेंच टेकते आणि श्वास सकारासारखा फटीतून वाहत राहतो. 'व्हेस्ट' व 'वेस्ट' यांतला भेदही स्थानाचाच. पहिला वर्ण दंतोष्ठ्य, दुसरा दोन्ही ओठांचा, उकार म्हणावयास घेतल्यासारखा. पहिल्यासाठीं आपण 'व्ह' लिहितों हें दुर्दैव. त्यांत हकाराचा लवलेश नाहीं. आघाताची गोष्ट याहून मोठी. 'फोटोग्राफ' यांत जोर पहिल्या अवयवावर, 'फोटॉग्रफी'मध्यें दुसऱ्यावर, आणि जोर नसलेले स्वर निम्मे गिळले जातात. आपण सारीं अक्षरें सारख्या वजनानें उच्चारतों, म्हणून शब्द बरोबर असूनही परक्याला चटकन् उमगत नाहींत.

पुस्तकावरून हें सारें कळतें, पण कान तयार होत नाहीं. यासाठीं बी.बी.सी.च्या बातम्यांचा एक मिनिटाचा तुकडा घेऊन निवेदकाच्या मागोमाग तो पंधरा-वीस वेळां म्हणावा. वेदपाठी मुलें गुरुमुखांतून संथा घेतात, तसेंच हें. मग आपला आवाज मोबाइलवर घेऊन दोन्ही शेजारीं ठेवून ऐकावे. माझा पहिला तुकडा ऐकून मला वाटलें, कोणी पंचांग वाचीत आहे!

एकट्याच्या अभ्यासांत उणीव आहे ती सांगतों. आपण सांगत सुटतों, आपल्याला कोणी विचारीत नाहीं. म्हणून मी प्रश्नही स्वतःलाच घालूं लागलों, आणि दर रविवारीं शेजारच्या महाविद्यालयीन मुलाला थोडा वेळ उलटतपासणी करावयास बसविलें. तीस दिवसांत अस्खलित इंग्रजी शिकविण्याच्या जाहिराती पाहतों, तेव्हां हंसूं येतें. मला एक 'थ'च सात आठवडे पुरला.

माघांत नातीला तो दोरा पुन्हां दाखविला. तीन पदरांचा आहे, मुंजींत मिळतो, श्रावणांत बदलतात, हें सर्व न अडखळतां सांगितलें. मात्र 'थ्रेड' म्हणतांच ती हंसली आणि पडद्याजवळ तोंड आणून जीभ दांतांत कशी धरावी तें तिनें मला दाखविलें. दोनदां म्हणवून घेतलें. मग विचारलें, आजी असा दोरा कां घालीत नाहीं? त्याचें उत्तर मला मराठींतही चटकन् सुचलें नाहीं.