दुकान कुणाला विचारून?

जिल्हा परिषदेच्या शाळेचा वर्ग, दाराशी पोलीस, टेबलामागे तहसीलचे कर्मचारी आणि समोर बायकांची रांग. हातात पडणाऱ्या मतपत्रिकेवर ना उमेदवाराचे नाव असते ना पक्षाचे चिन्ह. असतात दोन बाटल्यांची चित्रे, एक उभी आणि एक आडवी. उभीवर शिक्का म्हणजे गावातले परवान्याचे दारू दुकान राहू द्या, आडवीवर शिक्का म्हणजे बंद करा. मोलमजुरी करणाऱ्या बाईला सरकारने आपले मत थेट विचारावे असे प्रसंग आपल्या व्यवस्थेत फार थोडे आहेत. त्यातला हा एक. म्हणूनच या मतदानाची जी मांडणी कायद्याने केली आहे तिच्याकडे नीट पाहायला हवे, आणि त्यासाठी यवतमाळसारखा जिल्हा दुसरा नाही.

नकाशा पाहिला की कारण कळते. यवतमाळच्या उत्तर आणि पूर्व अंगाला वर्धा नदी वाहते. पलीकडच्या वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे. सेवाग्राम आणि पवनारच्या भूमीत दारू विकली जाऊ नये ही त्यामागची भावना. त्या वेळी मुख्यमंत्री होते पुसदचे वसंतराव नाईक. त्यांच्याच कारकिर्दीत उर्वरित महाराष्ट्रातली दारूबंदी शिथिल होत गेली. आणखी पूर्वेला गडचिरोलीत 1993 मध्ये बंदी आली, ती लोकांच्या दीर्घ आंदोलनातून. 1 एप्रिल 2015 पासून चंद्रपुरातही दारू बंद झाली. म्हणजे काही वर्षे विदर्भाच्या या पट्ट्यात तीन जिल्हे कोरडे होते आणि त्यांतल्या दोघांना लागून यवतमाळ हा दुकाने चालू असलेला जिल्हा होता. वणीच्या बाजारपेठेने त्या काळात काय पाहिले ते वणीकर विसरलेले नाहीत. वर्धा नदीवरच्या पाटाळ्याच्या पुलापलीकडे चंद्रपूरचा भद्रावती तालुका लागतो. कोळशाच्या ट्रकांनी गजबजलेल्या त्या रस्त्यांवरून दारूही जात होती, आणि ती नेणाऱ्यांत शाळा सोडलेली पोरेही होती.

अशा परिस्थितीत यवतमाळच्या बायकांनी "आमच्या जिल्ह्यातही बंदी करा" अशी मागणी केली नसती तरच नवल. स्वामिनी या नावाने उभ्या राहिलेल्या अभियानाने ती मागणी गावोगाव नेली, जिल्ह्याच्या ठिकाणी मोर्चे काढले, विधिमंडळाच्या दारापर्यंत धडक दिली. त्यांच्या मागणीमागचे दुःख खरे आहे. कापूस जिनिंगवर घातला, चुकारा हाती आला की त्यातले किती घरापर्यंत पोहोचेल हे रस्त्यात भट्टी आहे की नाही यावर ठरते, असा अनुभव ज्या घराचा आहे त्या घरातल्या बाईला आकडेवारी दाखवण्याची गरज नाही. आपल्याकडे देशी दारूच्या दुकानाला भट्टीच म्हणतात. अनेक ठिकाणी तिचे शटर सकाळीच वर जाते. निंदणाला निघालेल्या बायका एका बाजूने जातात, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूने माणसे पव्वा घ्यायला येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीनुसार महाराष्ट्रात 15 वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे 14 टक्के दारू पितात. बायकांमध्ये हे प्रमाण एक टक्काही नाही. पिणारे एका घरात एकटे असतात, सोसणारे चार-पाच असतात.

तरीही संपूर्ण जिल्ह्यात बंदी हा मार्ग आम्हाला पटत नाही, आणि ते स्पष्ट सांगणे भाग आहे. चंद्रपूरची बंदी सहा वर्षे टिकली. 27 मे 2021 रोजी राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली, तेव्हा अवैध विक्री आणि गुन्हेगारी वाढल्याचे कारण दिले गेले. बंदीच्या समर्थकांचे म्हणणे, अंमलबजावणी प्रामाणिकपणे झालीच नाही. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात. पण ज्या यंत्रणेला हातभट्टीचे ड्रम नाल्यातून काढता येत नाहीत, तिच्याकडून चौफेर खुल्या सीमांच्या, दक्षिणेला तेलंगणाला भिडलेल्या सोळा तालुक्यांची राखण होईल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

दुसरे कारण अधिक जड आहे. एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत दुकाने बंद असताना, वणीत सात जण सॅनिटायझर प्यायल्याने दगावले. ते रोजमजुरीवर जगणारे लोक होते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की हात थरथरतात, झोप उडते, भास होतात, काहींना झटके येतात; औषधोपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. हा आजार आहे आणि त्यावर सरकारी दवाखान्यात उपचार करता येतात, हे गावात कुणी सांगितलेले नसते. दुकान बंद करण्याचा हुकूम निघतो, पण उपचाराची खोली उघडण्याचा निघत नाही.

मग या जिल्ह्यातल्या माणसांचे दारूविषयी मत आहे तरी काय? ते एक नाही. मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी, केळापूर भागातल्या कोलाम पोडांवर आणि गोंड गावांत मोह हे पूजेचे, अन्नाचे आणि रोकडीचे झाड आहे. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना मोहाच्या दारूत पाप दिसत नाही. सण, लग्न, मयत यांत ती लागते. पण तीच माणसे बाहेरून आलेल्या बाटलीबद्दल वेगळे बोलतात. मोह मोसमात फुलतो, वाटून घेतला जातो; बाटली बाराही महिने मिळते, आणि उधारीवरही मिळते. तांड्यांवर दोन पिढ्यांचे मत दोन टोकांना असते. गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना आजही चालते अशा गावांत तुकडोजी महाराजांच्या शिकवणीमुळे पिणारा चारचौघांत खाली मान घालतो. यवतमाळ शहरात आर्णी रोड, दारव्हा रोडच्या वसाहतींतल्या लोकांचा आक्षेप पिण्याला फारसा नाहीच. त्यांचे म्हणणे असते की दुकान शाळेच्या वाटेवर नको, रात्री घराच्या भिंतीला लागून गाड्या नकोत, मुलीला क्लासवरून आणायला कुणाला तरी जावे लागू नये. आणि नोकरी करून संध्याकाळी मित्रांबरोबर बिअर घेणारा तरुणही इथलाच रहिवासी आहे. त्याला बसायला स्वच्छ, उजेडाची जागा हवी असते. मिळतो तो काळ्या काचांचा, कोंदट परमिट रूम. त्याचे मतही मोजायला हवे.

ही सगळी मते एकमेकांशी भांडणारी वाटतात, पण एका मुद्द्यावर ती जुळतात. दुकान कुठे असावे हे ठरवताना आम्हाला कुणी विचारले नाही, हे सगळेच म्हणतात. आणि विचारण्याची बहुतेक ठिकाणी जी एकमेव औपचारिक सोय आहे, ती म्हणजे आडवी बाटली, तिची रचना अशी आहे की मत असूनही ते हरावे.

राज्य सरकारच्या 2008 च्या आदेशाप्रमाणे 25 टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांपैकी तेवढ्यांनी सह्यांनिशी मागणी करायची, मग राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्या पडताळणार, त्यानंतर गुप्त मतदान. इथवर ठीक. पण दुकान बंद व्हायचे तर यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायला हवा. झालेल्या मतदानाच्या निम्मे पुरत नाही. समजा एखाद्या गावच्या यादीत 1000 महिला आहेत. मतदानाला 600 आल्या, त्यातल्या 490 जणींनी आडवी बाटली निवडली, 110 जणींनी उभी. दुकान चालूच राहते, कारण 501 हव्या होत्या. घरी राहिलेल्या 400 जणींचे मत दुकानाच्या बाजूने धरले गेले. आपला आमदार, खासदार, सरपंच यांपैकी कुणालाही ही कसोटी लावली तर निवडून येणारे विरळाच.

आता हा नियम यवतमाळच्या जमिनीवर ठेवून पाहा. पुसद, महागाव, उमरखेडच्या तांड्यांतली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर, पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातात ती उन्हाळ्यात परततात. मतदार यादीत लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकींची नावे राहतात, वारलेल्या म्हाताऱ्यांचीही राहतात. कापूस वेचणीच्या दिवसांत मतदान ठेवले तर एका दिवसाची मजुरी बुडवून यावे लागते. ज्या गावातल्या बायका सर्वात गरीब, म्हणजे ज्यांना दारूचा चटका सर्वात जास्त बसतो, त्याच गावात निम्म्याचा आकडा गाठणे सर्वात अवघड. शिवाय मतदानाच्या आदल्या रात्री कोण कुणाच्या घरी जाते, कुणाला दम भरला जातो, कुणाच्या हातात साडी पडते, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. इतके असूनही राज्यात अनेक गावांनी आडवी बाटली जिंकून दाखवली आहे. त्या बायकांच्या चिकाटीला आमचा मनापासून सलाम. पण चिकाटीची परीक्षा घेणे हे कायद्याचे काम नव्हे.

जिल्ह्यातल्या काही गावांकडे याहून मोठा अधिकार आहे. मारेगाव, राळेगाव, केळापूर, घाटंजी या भागांतली बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. 1996 च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांच्या विक्रीवर आणि सेवनावर बंदी घालण्याचा किंवा त्याचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेला देण्याची तरतूद केली आहे. तो वापरायचा तर ग्रामसभा खरोखर भरायला हवी, तिचा ठराव तालुक्याच्या कार्यालयात धूळ खात पडता कामा नये. इथे पंचायत समितीने आणि वकील मंडळींनी पुढे व्हायला हवे.

हा प्रश्न जगात इतरांनी कसा हाताळला तेही पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये पब ही गल्लीतल्या लोकांच्या बसण्या-बोलण्याची जुनी जागा. तिथे दारूला विरोध हा मुद्दाच नसतो. तरीही 2003 च्या परवाना कायद्याने दारूचे परवाने स्थानिक नगर परिषदांच्या हाती दिले. नवा अर्ज आला की जागेवर सूचना लावावी लागते, रहिवाशांना 28 दिवसांत आक्षेप नोंदवता येतो, आक्षेप आला की सुनावणी होते. दुकान सुरू झाल्यावरही गोंगाट, मारामारी, लहान मुलांना धोका या कारणांवरून शेजारी परवान्याचा फेरविचार मागू शकतात. उत्तर इंग्लंडमधल्या लीड्स शहरात हेडिंग्ली नावाचा विद्यार्थ्यांनी गजबजलेला भाग आहे. तिथे आधीच्या दुकानांचा एकत्रित त्रास लक्षात घेऊन नव्या परवान्यांना कडक निकष लावले गेले. उलट 2011 च्या कायद्याने एखादा पब लोकांना हवा असेल तर तो गावाचा ठेवा म्हणून नोंदवून वाचवण्याचीही सोय केली. यामुळे तिथे दारूचे दुष्परिणाम संपले असे अजिबात नाही. इंग्लंडच्या ईशान्य भागात दारूमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण त्या देशात सर्वाधिक आहे. पण दुकान उघडण्याआधी शेजाऱ्याला विचारायचे, हे तिथे गृहीत आहे. आपल्याकडे वाईन शॉपचा परवाना एका जागेवरून दुसऱ्या जागी हलतो आणि नव्या जागेवरच्या लोकांना ते कळते ते फलक लागल्यावर.

सरकारचा हात कशात अडकला आहे हेही लपलेले नाही. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने दारूवरचे उत्पादन शुल्क वाढवले, तेव्हा वर्षाला सुमारे 14 हजार कोटींचे वाढीव उत्पन्न अपेक्षित असल्याचे सांगितले. राज्याला पैसा लागतो, रस्ते आणि शाळा त्यातूनच होतात, हे आम्ही नाकारत नाही. मग त्या पैशातला ठरावीक वाटा ज्या तालुक्यातून तो आला तिथल्या उपचारांवर का जाऊ नये? गडचिरोलीत 2016 पासून मुक्तिपथ नावाचा उपक्रम गावसंघटना, पोलीस आणि तालुक्याच्या ठिकाणचे व्यसनउपचार क्लिनिक यांना एकत्र जोडून काम करतो. पुण्यात मुक्तांगण 1986 पासून उभे आहे. यवतमाळात वसंतराव नाईकांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्यांत ग्रामीण रुग्णालये आहेत. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस, तोही बाजाराच्या दिवशी, दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी ओपीडी चालवायला नवी इमारत लागत नाही. प्रशिक्षित डॉक्टर, समुपदेशक आणि औषधांचा पुरवठा लागतो.

आमची मागणी नेमकी आहे. 2008 च्या आदेशात दुरुस्ती करून झालेल्या वैध मतांच्या बहुमतावर निकाल लावावा. हवे तर किमान उपस्थितीची अट ठेवावी, पण ती गाठता येण्याजोगी असावी. मतदान स्थलांतराच्या महिन्यांत घेऊ नये. परवाना नवा असो वा हलवलेला, त्या जागेवर मराठीत ठळक सूचना लावून महिनाभर हरकती मागवाव्यात आणि हरकतींची सुनावणी यवतमाळ, पुसद, वणी अशा ठिकाणी, लोकांना जाता येईल तिथे व्हावी. दुकान बंद करण्याचा निकाल लागला की त्याच आठवड्यात आरोग्य पथक त्या गावात पोहोचावे. यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा करावा लागत नाही, सरकारी आदेश पुरेसा आहे. जिल्ह्याच्या आमदारांनी येत्या नागपूर अधिवेशनात हा विषय मांडावा, आणि कोणी मांडला, कोणी नाही, हे गावोगावच्या बायकांनी विचारावे.