वैनी, मशीन करंट मारालंय

इथं सगळे जुन्या बेळगावच्या आठवणी लिहितात, वाचून बरं वाटतं. मी आज लिहितेय ती आठवण फार जुनी नाही आणि फारशी गोडही नाही. पण वळीव तोंडावर आलाय, म्हणून लिहायलाच हवं.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी दोन वर्षं मला एकच वाक्य ऐकवत होत्या. "वैनी, मशीन करंट मारालंय बघा." मी काय म्हणायची? "ओल्या हाताने लावू नका, चप्पल घाला." एक जुनी रबरी चप्पल मशीनजवळ ठेवूनही दिली होती. मला वाटायचं, केवढी काळजी घेतेय मी!

मग मे महिन्यातली ती संध्याकाळ. शहापुरातली आमची गल्ली जुनी, तारा अजून खांबावरूनच. दुपारभर उकडलं, चारला आभाळ भरून आलं आणि वाऱ्याने पलीकडच्या आंब्याची फांदी तारांवर पडली. लाइट गेली असती तर काही वाटलं नसतं. पण झालं उलटंच. आमचे दिवे एकदम लख्ख पेटले, पंखा विमानासारखा घोंगावू लागला. समोरच्या घरातले दिवे मात्र देवापुढच्या समईएवढे मिणमिणत होते. हे धावत जाऊन मेन पाडेपर्यंत जळका वास सुटला होता. फ्रीजचा बोर्ड, मुलाने पुण्याहून पाठवलेला टीव्ही, इन्व्हर्टर, सगळं गेलं. दुरुस्ती आणि नव्या खरेदीला मिळून ४८ हजार लागले.

दुसऱ्या दिवशी आमचे वायरमन अण्णा आले. घरी कन्नड बोलणारे, पण आमच्याशी तीस वर्षं मराठीच. त्यांनी सांगितलं ते असं. खांबावर तीन फेज आणि एक न्यूट्रल असते. आपल्याला एक फेज आणि न्यूट्रल मिळते, म्हणून घरात २३० व्होल्ट येतात. दोन फेजमध्ये मात्र साधारण ४०० असतात. न्यूट्रल तुटली की वेगवेगळ्या फेजवरची घरं एका माळेत ओवल्यासारखी होतात आणि ते ४०० त्यांच्यात विषम वाटले जातात. ज्या घरात कमी वस्तू चालू, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज. त्या वेळी आमच्याकडे फारसं काही चालू नव्हतं, म्हणून आम्ही भाजलो.

मग अण्णांनी टेस्ट लॅम्पची एक वायर फेजला लावली, दुसरी प्लगच्या तिसऱ्या भोकात. दिवा लागलाच नाही. "वैनी, हे वरचं भोक नुसतं शोभेला हाय. घराला अर्थिंगच न्हाई."

अहो, होतं की! मामंजींनी घर बांधलं तेव्हा अर्थची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधली होती, तेव्हाची ती रीतच. आम्ही २०११ मध्ये न्हाणीघर नवीन केलं आणि सगळे पाइप प्लास्टिकचे घातले. तार भिंतीमागे तशीच लोंबकळत राहिली. प्लंबरला ते बघायचं कारण नव्हतं आणि आम्हाला ठाऊक नव्हतं. टाइल्सचा रंग ठरवायला मात्र आम्ही तीन दुकानं फिरलो होतो.

म्हणजे मावशी दोन वर्षं जे सांगत होत्या, तो घराचा आजार होता. मशीनच्या पत्र्यावर आलेल्या करंटला जमिनीत जायला वाटच नव्हती, तो मावशींच्या अंगातून वाट काढत होता. झिणझिण्यांवर निभावलं. आत कुठे वायरचं आवरण फाटलं असतं तर? पुढचं मला लिहवत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : आपण वस्तू वाचवायला निघतो, पण सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतो. टीव्हीला स्टॅबिलायझर आणतो, चार प्लगची पट्टी आणतो आणि निर्धास्त होतो. व्होल्टेज थोडं कमीजास्त झालं तर स्टॅबिलायझर सावरतो. विजेच्या कडकडाटात येणारा झटका क्षणाच्या लाखाव्या हिश्शात येऊन जातो, तो त्याच्या आवाक्यातला नाही. एमसीबी म्हणजे जास्त लोड आणि शॉर्टसर्किटसाठी, झटका थांबवणं तिचं काम नाही. झटक्यासाठी मेन बोर्डात एसपीडी बसवतात. व्होल्टेज एकदम उसळलं की ती ते जमिनीकडे वळवते. पण जमिनीकडे वाटच नसेल तर बिचारी वळवणार कुठे? अर्थिंगशिवाय एसपीडी म्हणजे गटाराशिवाय मोरी.

आणि न्यूट्रल तुटून व्होल्टेज चढलेलंच राहिलं तर एसपीडी स्वतःच जळते. त्यासाठी व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की लाइन तोडणारं वेगळं उपकरण लागतं. माणसाच्या जिवासाठी ३० मिलिअँपियरची आरसीसीबी. आम्ही मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा काढला, पाइप, कोळसा, मीठ घातलं, आणि ही तिन्ही बसवली. खर्च ११,५०० रुपये. ४८ हजारांच्या आधी हे केलं असतं तर, असं रोज मनात येतं.

कुणी म्हणेल, खांबावरची तार सांभाळणं वीज खात्याचं काम, आपण का भुर्दंड सोसायचा? बरोबर आहे. तारांना लागणाऱ्या फांद्यांची तक्रार लेखी करा, पोच घ्या, गल्लीतल्या चौघांच्या सह्या घ्या. पण मीटरच्या अलीकडचं घर आपलं. तिथलं अर्थिंग तपासायला कुणी येणार नाही.

आमचे मामंजी आभाळ गडगडायच्या आधीच रेडिओची एरियल काढून ठेवायचे आणि मेन पाडायचे. आम्ही हसायचो. आज सांगते, घरावरच थेट वीज पडली तर कुठल्याही उपकरणाची खात्री नाही. ढग लांब असतानाच प्लग काढून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. केबलची आणि डिशची वायरही काढा, झटका तिथूनही येतो. कडकडाट डोक्यावर आल्यावर मात्र प्लगला हात लावू नका.

आपल्यापैकी अनेकांची मुलं पुण्या-बेंगळूरला. जुन्या घरात दोघं म्हातारी, नाहीतर नुसतं कुलूप. मुलं मोठा टीव्ही पाठवतात, एसी बसवतात. माझं त्यांना सांगणं आहे, पुढच्या सुट्टीत आलात की आधी वायरमनला बोलवा आणि टेस्ट लॅम्प लावून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. खड्डा असला तर उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओता. घराला कुलूप लावताना मेन पाडून जा.

अर्थिंग झाल्यावर मावशींनी मशीनला बिचकत बोट लावलं, मग पूर्ण हात ठेवला. म्हणाल्या, "आता न्हाई मारत, वैनी." मग जरा थांबून, "टीव्ही जळला ते बरं झालं म्हणायचं."

त्या हसत होत्या. मला मान वर करता येईना. दोन वर्षं त्या सांगत होत्या, आणि मी वायरमनला बोलावलं ते टीव्ही जळल्यावर.

आज तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईंना एवढं विचाराच, "कुठं करंट लागतो का हो?" आणि हो म्हणाल्या तर चप्पल देऊ नका, वायरमनला फोन करा.